छोट्या लाईनीवरची शेवटची पाठवणी

डोंगरबोडीच्या स्टेशनावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि फुलवंताला तर एक शिलाई मशीनही ठेवायचं होतं.

छोट्या लाईनीची ती शेवटची गाडी. उद्यापासून रूळ उखडणार होते, आणि मोठी लाईन चार कोस लांबून, दुसऱ्याच गावांची झोप मोडत जाणार होती. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. कुणीतरी एका पुढाऱ्याचं चित्र थेट इंजिनाच्या काचेवर बांधलं होतं. ड्रायव्हरने ते सोडून गुपचूप स्टेशनमास्तरच्या हातात दिलं, कारण त्याला पुढचं दिसायला हवं होतं. बँडवाले वरातीची धून वाजवत होते. दुसरी त्यांना येत नव्हती. जन्मात कधी तिकीट न काढलेली माणसं सगळ्यांत मोठ्याने हळहळत होती. तिकीट त्यांनी आजही काढलं नव्हतं.

फुलवंताचं तिकीट तिच्या थोरल्या भावाने, लेखरामने काढलं होतं. नेहमीप्रमाणे फक्त जाण्याचं. येण्याचं धाकटा तेजलाल काढायचा, सोनझरीला पोचल्यावर. चाळीस वर्षं तिचा अर्धा प्रवास एका भावाचा आणि अर्धा दुसऱ्याचा होता. तिचं स्वतःचं त्यात मशीन तेवढं होतं.

थोरली वहिनी खेलनबाई हिने सकाळीच तिची ओटी भरली होती. नवरा जाऊन बाई माहेरी आलेली, तिची ओटी कशी भरायची, असा प्रश्न पहिल्या वर्षी गावाने काढला होता. तेव्हा बापाने, दुलीचंद पटलाने, सांगितलं होतं की पोरगी माहेराहून निघाली की तिची ओटी भरायची, बाकीचं देवाला विचारत बसू नका, त्याला दुसरी कामं आहेत. बाप असा होता. वाटणीसुद्धा त्याने अशीच केली. दोन पोरांना जमीन वाटून देताना पटवाऱ्याने शेताच्या हद्दीचा धुरा कुठे घालायचा विचारलं, तर म्हातारा म्हणाला, धुरा रात्रीतून सरकतो, रूळ सरकत नाही. रुळाच्या उगवतीचं लेखरामचं, मावळतीचं तेजलालचं. आणि फुलवंताला दोघांनी सहा-सहा महिने ठेवायचं.

फक्त एक अट घातली. एका भावाच्या दारातून उठून समोरच्या दुसऱ्या भावाच्या दारात तिने जायचं नाही. हे तर भांडं शेजारी दिल्यासारखं झालं. लेक माहेरी येते ती बाहेरून येते, गाडीतून उतरते, पाय धुऊन घरात घेतात. म्हणून अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दसऱ्याला फुलवंता लेखरामच्या बाजूने गाडीत चढे, पाऊण तास सोनझरीपर्यंत जाई, तिथे चहा पिई, त्याच गाडीने परत येई आणि तेजलालच्या बाजूच्या दारातून उतरे. सहा महिन्यांनी उलट. दोन घरांत हाकेचं अंतर. तिने त्यासाठी आयुष्यात किती कोस कापले असतील, ते रेल्वेलाच ठाऊक.

गाडीने शिट्टी दिली. डब्यात उगवतीच्या बाकावर लेखराम, खेलनबाई आणि त्यांचा मुलगा हिवराज बसले. मावळतीच्या बाकावर तेजलाल आणि त्याची बायको जसवंता. जसवंताच्या मांडीवर पाय धुण्याचा तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला. फुलवंता मधल्या जागेत मशीनच्या लाकडी झाकणावर बसली. ती जागा तिची ठरलेली होती, कारण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते तिच्यामार्फत.

याचंही कारण हीच लाईन. बाप गेला तेव्हा मसणवटा मावळतीला आणि तिरडी निघाली उगवतीच्या घरातून. फाटकाशी आली तर फाटक बंद. मालगाडी येत होती, सागाच्या लाकडांनी भरलेली, मुंगीच्या पायाने. पुढच्या खांद्यावर तेजलाल होता. तो म्हणाला, फाटकाखालून काढू, बापाला ताटकळवायचं नाही. मागच्या खांद्यावर लेखराम होता; तो म्हणाला, नियम म्हणजे नियम, बापानेच शिकवला. एक पुढे ओढू लागला, दुसरा मागे. दुलीचंद पटील मधल्यामध्ये हेलकावे खात राहिले. सगळी मालगाडी निघून गेली तरी ओढाताण चालूच होती, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डाने त्या तिरडीला हिरवी झेंडी दाखवली असं गाव अजून सांगतं. तेराव्याला दोघांनी शपथ घेतली की दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही.

पण रेल्वेची जमीन सरकारची. ती शपथेत येत नव्हती. म्हणून या भावांच्या, टेंभऱ्यांच्या घरचं जे काही ठरलं ते पुढे या डब्यात ठरलं. तीन पोरींची लग्नं, हिवराजची कॉलेजातली भरती, एक म्हैस नेमकी कुणाच्या बाजूला मेली तो वाद. जे पाऊण तासात ठरत नाही ते ठरवण्यासारखं नसतं, असं लेखराम म्हणे. खरी गोष्ट अशी की सोनझरीला गाडीला उलट्या दिशेने इंजिन जोडायचे, तेव्हा चहा आणि भजी मिळायची, आणि भांडण कितीही तापलेलं असलं तरी भज्यांपाशी थांबायचं.

आज एकच गोष्ट ठरायची होती. गाडी गेल्यावर फुलवंताने कुठे राहायचं.

तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं होतं. सोनझरीला कापडवाल्या सुखियाबाईच्या घरामागे एक खोली रिकामी होती. पुढे बाजार, मागे विहीर. मशीनला उजेड येईल अशी खिडकी. सुखियाबाई म्हणाली होती, शेवटच्या गाडीने येशील तेव्हा सांग, तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही. फुलवंताने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. दोघांपैकी एक भाऊ आज एवढंच म्हणाला की फुला, तू माझ्याकडे राहा, तर ती सुखियाबाईला 'खोली नको' म्हणून सांगणार होती. आढेवेढे न घेता, कारण न देता, नुसतं राहा. चाळीस वर्षं तिला ठेवलं होतं, पाठवलं होतं, आणलं होतं. राहा असं कुणी म्हटलं नव्हतं. पोचायच्या आधी कुणी म्हणतं का, ते बघायचं होतं.

गाडी हलली. बँड मागे पडला. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीला वळसा घालून लाईन डावीकडे झुकली आणि सगळा डबा नेहमीसारखा मावळतीच्या अंगाला कलला.

"पाहा," लेखराम खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाला, "पणजोबांनी वाकवलेली लाईन. गोऱ्या साहेबाला म्हणाले, माझ्या बोडीतून बांध नेशील तं माझ्या अंगावरून ने."

हे त्याने फुलवंताला सांगितलं, पण ऐकायचं तेजलालने होतं.

"त्याला सांग बाई," तेजलाल म्हणाला, "की पणजोबा साहेबासमोर आडवे झाले नव्हते. त्यांनी साहेबाला बोडीतले मासे खाऊ घातले. साहेब म्हणाला, ही बोडी बुजवायची नाही."

आडवे पणजोबा की मासेवाले, यावर दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या मारामारी होती. फुलवंताचं मत तिसरंच होतं आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लाईनीच्या अलीकडे पडलेलं पाणी बोडीत जातं आणि पलीकडे पडलेलं नाल्यात. दोन्ही घरांच्या पडव्यांत बसून तिने चाळीस पावसाळे ते पाहिलं होतं. लाईन ज्या उंचवट्यावरून गेली होती तिथूनच ती जाऊ शकत होती. तिथे पणजोबा आडवे पडले असते काय आणि उभे राहिले असते काय, साहेबाने रूळ तिथूनच नेले असते. पण एवढ्या मोठ्या घराण्याच्या इज्जतीला उतारावरच्या पाण्याने धक्का लावायचा तिचा विचार नव्हता.

पणजोबा झनकलाल यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र दोन्ही घरं मान्य करत, कारण ती दोघांनाही सारखीच लाजिरवाणी होती. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या, दुष्काळात सरकारने मातीचं काम काढलं. सडक होणार म्हणून सांगितलं. झनकलालांनी गावच्या गाव टोपल्या घेऊन उभं केलं, बांध रचला, आणि वर्षभर आपली सडक, आपली सडक करत त्यावरून गाडी हाकली. मग एक दिवस लोखंड आलं. म्हाताऱ्याला वाटलं, सडक पक्की करून राहिले. त्याने आपली बैलगाडी काढली, तर चाकं रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर. लाईन अरुंद, गाडी रुंद. तेव्हा झनकलालांनी सुतार बोलावून अडीच फूट रुंदीची गाडी बनवून घेतली. एकच बैल, एकच माणूस, मांडी घालायलाही जागा नाही. ती घेऊन पटील रुळांवरून सोनझरीच्या बाजाराला निघाले. समोरून पहिलं इंजिन आलं. बैल शहाणा होता, तो उतरला. पटील उतरले नाहीत. रेल्वेच्या माणसांनी त्यांना उचलून खाली ठेवलं, तेव्हा ते म्हणत होते की आधी मी आलो, त्याला मागे घ्यायला सांगा.

हिवराजला ही गोष्ट फार आवडायची. त्याचं सडकेचंच काम होतं. खडी, डांबर, मुरूम. त्याने खिशातून मोबाईल काढून दाखवला. रूळ उखडले की याच बांधावरून सडक होणार. पक्की, डांबरी, सोनझरीपर्यंत वीस मिनिटं. काम मिळावं म्हणून तो धडपडत होता, आणि मिळालं तर पणजोबांच्या सडकेला शंभर वर्षांनी का होईना डांबर लागेल, असं म्हणत होता.

"म्हणजे मधात सडक राहील," जसवंता म्हणाली. "मग तं दादांना आमच्या घरी येता येईल. चार पावलं."

जसवंता तशी कमी बोलणारी, पण बोलली की असंच काहीतरी, आणि मग तांब्याचं फडकं नीट करत बसायची.

लेखरामने घसा खाकरला. "फुला, त्याला म्हण, सडक झाली तरी शपथ सुटत नाही."

"त्याला म्हण बाई, मी तरी कुठं सोडून राहिलो."

मग दोघेही मुद्द्यावर आले. फुलवंताने हात मांडीवर ठेवले आणि बाहेर बघत ऐकू लागली. धानाला लोंब्या धरल्या होत्या, बांधावर बगळे बसले होते.

तेजलालने सुरुवात केली. म्हणाला, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे हे आता जमायचं नाही. बाईचं वय झालं. तिला एका ठिकाणी बसू द्यावं.

"बाईनं आमच्याकडेच राहावं," तो म्हणाला.

फुलवंताचे हात आपोआप एकमेकांत गुंतले.

"असं मला फार वाटतं," तेजलाल पुढे म्हणाला. "पण दादा थोरला आहे. बापाच्या मागं थोरल्याचा मान. तो मान मी हिरावून घेणार नाही."

लेखरामलाही मोठेपणात कमी पडून चालणार नव्हतं. त्याने फुलवंतामार्फत कळवलं की मान-पान आपल्याला नको. धाकट्याच्या घरी तिचा जीव जास्त रमतो, ते त्याने स्वतः पाहिलं आहे. तिकडे नातवंडं आहेत, अंगणात कडुनिंब आहे, सावली आहे. आपण मन मोठं करू. यावर तेजलाल म्हणाला की कडुनिंब गेल्या उन्हाळ्यात पडला. लेखराम म्हणाला, नवा लाव. तेजलाल म्हणाला की दादाच्या घरी पक्की खोली आहे, पंखा आहे, बाईला उकाडा सोसत नाही. लेखराम म्हणाला की पंखा तो स्वतः काढून धाकट्याच्या घरी लावून देईल. तेजलाल म्हणाला, थोरल्याने इतकं खाली उतरू नये. फुलवंता हे सगळं इकडून तिकडे पोचवत होती. "तो म्हणतो, तुझा मान मोठा." "तो म्हणतो, तुझं मन मोठं." आपल्याच अंगावरचं कापड दोघे शिंपी एकमेकांकडे सरकवत आहेत, माप घ्यायला कुणी तयार नाही, असं तिला वाटलं.

गाडी नाल्याच्या पुलावर आली. खालून पाणी दिसत होतं, गढूळ, संथ. निम्मा रस्ता संपला होता.

"मी एक सुचवू का," हिवराज म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण मदत करत आहोत. "सहा महिने तसेच ठेवायचे. चौरस्त्यावर पेट्रोल पंप झाला ना, तो कुणाचाच नाही. ना आपला, ना काकांचा. आमची जीप आत्याला तिथवर सोडेल, काकांची मोटारसायकल तिथून घेऊन जाईल. पाच मिनिटांत काम."

"म्हणजे मी डिझेल," फुलवंता म्हणाली.

"तसं नाही आत्या."

"मशीन मोटारसायकलवर कुठं ठेवशील? की ते तुमच्याकडं राहील, मी तेवढी जाईन?"

आता खेलनबाईने तोंड उघडलं. ती म्हणाली, मशीन इकडेच राहिलं तर बरंच. दिवाळीची शिलाई तोंडावर आली, आणि सुनेचे चार ब्लाऊज अर्धे पडलेत. जसवंताने तांब्यावरून नजर न उचलता म्हटलं की मशीन बाईचं आहे आणि बाई आज आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा ब्लाऊजसुद्धा येतील. खेलनबाई म्हणाली, दसऱ्याला अजून पुष्कळ दिवस आहेत. ते दिवस आमचे. गाडी बंद पडली म्हणून ते कुणी खाऊन टाकू नयेत. या क्षणी दोन्ही जावा एकमेकींकडे सरळ बघत होत्या, बऱ्याच वर्षांनी, आणि दोघींनाही ते थोडं आवडलेलं दिसत होतं.

फुलवंता दोघींची मापं पाठ म्हणू शकत होती. खेलनबाई छातीत भरली होती, जसवंता खांद्यात वाळली होती. दोन्ही बाजूंच्या बायका शिलाईच्या निमित्ताने तिला जे सांगत ते भावांना बाराव्या जन्मीही कळलं नसतं. खेलनबाईचे गुडघे दुखतात आणि ती नवऱ्याला सांगत नाही. जसवंताला रात्री झोप येत नाही आणि ती पडवीत बसून समोरच्या घराचे दिवे मोजते.

पण भाऊ? तिने एकदा या बाकाकडे पाहिलं, एकदा त्या. लेखरामच्या शर्टाची कॉलर तिने उलटून शिवली होती. तेजलालच्या शर्टाचीही. दोघे वाईट नव्हते. आजारात दोघांनी तिला उशाशी बसून पाणी दिलं होतं. दोघांना तिची गरज होती, दिवाळीला, लग्नसराईत, बाळंतपणात. आणि दोघांनाही मनातून वाटत होतं की बाकीच्या वेळी ती समोरच्या घरी असलेली बरी. गाडीने हे झाकून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी गाडी यायची आणि कुणाला काही म्हणावंच लागायचं नाही.

सोनझरीचा बाहेरचा सिग्नल दिसू लागला. इथेही माणसं उभी होती, हात हलवत. कुणी म्हटलं नव्हतं.

"दादाला सांग बाई," तेजलाल म्हणाला, "की आता येण्याचं तिकीट कुणी काढायचं, ते आधी ठरवू. दिवस जर दादाचे तं तिकीट दादाचं."

"येण्याचं तिकीट कुणी काढू नका," फुलवंता म्हणाली. "मी सोनझरीत राहते."

दोघांना वाटलं, ती कुणाचा तरी निरोप सांगते आहे. लेखराम म्हणाला, कोण राहते?

"मी. सुखियाबाईच्या मागची खोली घेतली. शिलाई तिथं करीन. भाडं मी देईन. तुमचा मान मोठा, मन मोठं, माझी खोली लहान. बसते मी त्यात."

आणि मग ती गोष्ट झाली जी बाप गेल्यापासून झाली नव्हती. लेखराम तेजलालकडे वळला आणि तिला मध्ये न घेता बोलला.

"हे काय बोलून राहिली रे ही?"

"मला काय विचारतो? तुझ्या घरून आली ना आज."

"दोन भाऊ असून बहीण भाड्यानं राहते. लोक काय म्हणतील?"

"शेण घालतील तोंडात. तुझ्याही, माझ्याही."

"आपण मेलो का?"

"तेच म्हणतो मी दादा. आपण मेलो का?"

एकमेकांशी बोलायची सवय मोडलेली असल्यामुळे त्यांचे आवाज गरजेपेक्षा मोठे निघत होते. पलीकडच्या बाकांवरची माणसं वळून बघू लागली. इतक्या वर्षांनी भाऊ एक झाले होते, आणि झाले होते ते तिच्याविरुद्ध. लेखराम उठून तेजलालच्या बाकावर जाऊन बसला, तिला नीट समजावता यावं म्हणून. आता दोघे शेजारी बसून तिला रागावत होते: घराण्याचं नाव, बापाचा शब्द, पणजोबांची इज्जत. मासेवाले आणि आडवे, दोन्ही पणजोबा एकाच दमात निघाले. फुलवंताला हसू आलं. ते तिने पदरात घेतलं.

"मग सांगा," ती म्हणाली. "मी परत येते. आत्ता. कुणाकडं राहू?"

गाडीचा वेग कमी झाला होता. चाकं सांध्यांवरून एकेक करून जात होती.

लेखरामने तेजलालकडे पाहिलं. तेजलालने लेखरामकडे.

"तसं म्हटलं तं..." लेखराम म्हणाला.

"बसून ठरवू ना," तेजलाल म्हणाला. "एवढी काय घाई."

"मशीन उतरवा," फुलवंता हिवराजला म्हणाली.

सगळ्यांत आधी हलली ती खेलनबाई. ती म्हणाली, राहू द्या त्यांना. सोनझरीला बाजारात येणं होतंच, दर बुधवारी. माप द्यायला यायला कुणाची शपथ आडवी येत नाही. जसवंता म्हणाली, बुधवारी आपलंही येणं होतं. दोघी हे नवऱ्यांना सांगत नव्हत्या, एकमेकींना सांगत होत्या. कोणत्या वाजता यायचं तेही त्यांनी तिथेच ठरवलं. पाऊण तासात जे ठरलं नव्हतं ते गाडी फलाटाला लागेपर्यंत ठरलं.

सोनझरीला भजी होती, आज गर्दीमुळे लवकर संपलेली. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत भाऊ फलाटावर तिच्यामागे फिरत राहिले. लेखरामने एकदा तिचा हात धरला आणि सोडून दिला. म्हणाला, फुला, तुला काही कमी केलं का आम्ही? ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं. कमी काही केलं नव्हतं. जेवण, लुगडं, औषध, सगळं मापात दिलं होतं. तिला त्याच्याकडे बघून वाईट वाटलं, कारण हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता आणि त्याचं उत्तर त्याला कळण्यासारखं नव्हतं. त्याच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. तिने ते तोडून त्याच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, घेऊन ये, लावून देते.

जसवंताने तांब्याचं फडकं सोडलं. घरून भरून आणलेलं पाणी तिने फलाटावरच नणंदेच्या पायांवर घातलं. म्हणाली, धुवायला आणलं होतं, परत काय नेऊ. स्टेशनमास्तर ओरडला की फलाट ओला करू नका. मग त्याच्या लक्षात आलं की उद्यापासून फलाटच नाही, आणि तो दुसरीकडे बघू लागला.

गाडीने शिट्टी दिली तेव्हा दोघे भाऊ एकाच खिडकीत आले. खिडकी छोट्या लाईनीची, दोन म्हाताऱ्या डोक्यांना पुरत नव्हती.

"बाई," तेजलाल म्हणाला, "दसऱ्याला कुणाकडं?"

"लेक माहेरी येते तं भाऊ न्यायला येतो," फुलवंता म्हणाली. "जो येईल त्याच्याकडं."

"दोघं आलो तर?"

"मग दोघांकडं. पण या तर खरं."

गाडी हलली. खिडकीत लगेच सुरू झालेलं तिला ऐकू आलं. आधी मी येणार, मी थोरला. आधी मी, माझे सहा महिने उरले. ते लांब लांब गेलं. लोक रडत होते, मोबाईल वर धरत होते, कुणी रुळाला हात लावून डोळ्यांना लावत होते. फुलवंताने गाडीचं शेपूट दिसेनासं होईपर्यंत थांबायला हवं होतं, असं नंतर दोन्ही घरांत म्हटलं गेलं. पण मशीन भर उन्हात पडलं होतं आणि लाकूड तापत होतं.

तिने एका हातगाडीवाल्याला हाक मारली. त्याने मशीन चढवलं, दोरी आवळली आणि विचारलं, "कुणाच्या घरी न्यायचं, माय?"

"माझ्या."

"माझ्या म्हणजे? नाव सांगा ना जी, पटलाचं, मास्तरचं, कुणाचं तरी."

"फुलवंताचं घर."

सोनझरीत त्याने गाडी नेली नाही असं घर नव्हतं.

"असं घर नाही जी इथं."

"आजपासून आहे," ती म्हणाली. "कापडवालीच्या मागं. चल, आणि खड्ड्यातून नेऊ नको."